एको काढलेला आवाज

मच्छिंद्र नाना माईक तपासताना कधी "हॅलो, हॅलो" म्हणत नसत. ते राहात्याच्या बाजारातला त्या दिवशीचा पेरूचा भाव सांगत. लग्न असो, हरिनाम सप्ताह असो की शाळेचं स्नेहसंमेलन, भोंगे झाडाला बांधून झाले की नाना माईकजवळ येत आणि बोलायला लागत, "आज पेरूला गिऱ्हाईक न्हाई. ज्यानं उद्या तोडा धरलाय त्यानं दोन दिस दम काढावा. टमाटं मातर उठलंय." एकदा एका नवरदेवाच्या मामांनी त्यांना टोकलं, की हे लग्न आहे, मार्केट कमिटी नव्हे. नाना शांतपणे म्हणाले, "पाव्हनं, मशीन तपासायचंच हाय तर कामाचं बोलतो. हॅलोनं कुनाचं पोट भरलंय?"

नाना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्यावर लिहायचं असं काही मी ठरवलं नव्हतं. मी नगरच्या सावेडीतल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. तज्ज्ञ बाईंनी पडद्यावर दोन शब्द दाखवले, 'प्रेरणा देणे' आणि 'सक्षम करणे', आणि दोन्हींतला फरक आपल्या शब्दांत लिहा म्हणाल्या. शेजारच्या सरांनी लगेच मोबाईल काढला. मी पेन उचललं आणि हातून लिहिलं गेलं ते एवढंच, 'मच्छिंद्र नाना'. मग ते खोडलं, कारण तज्ज्ञ बाईंना त्यातून काय कळणार होतं? चार बरी वाक्यं लिहून दिली. जे तिथं लिहिता आलं नाही ते इथं लिहिते आहे.

नाना आमचे शेजारी. आमच्याकडे शेजारी म्हणजे भिंतीला भिंत नव्हे. ज्याची त्याची वस्ती ज्याच्या त्याच्या शेतात, आणि दोन वस्त्यांच्या मध्ये उसाचं नाहीतर पेरूचं रान. नानांचीही थोडी पेरूची बाग होती, पण जीव सगळा स्पीकरमध्ये. पंचक्रोशीत त्यांना स्पीकरवाले नाना म्हणूनच ओळखायचे. उंच, किडकिडीत माणूस. पांढरा पायजमा, अंगात सदरा, सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. मनगटात काळ्या चिकटपट्टीचं रीळ बांगडीसारखं घातलेलं असायचं. शांताकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, त्यावरून त्यांना टोमणा मारायच्या, "माझ्या हातातल्या जुन्या झाल्या तरी दिसत न्हाईत. सवताला मातर दर बाजारी नवी बांगडी." नाना म्हणायचे, "तुझ्या बांगडीतून करंट जात न्हाई."

माणसांना ते आवाजावरून नावं ठेवायचे. गावातल्या एका पुढाऱ्यांचं नाव होतं 'रिकामा पिंप'. देवळातल्या महाराजांचं 'मऊ खर्ज'. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, ते घरात आणि रानात कमीच बोलायचे, म्हणून त्यांचं नाव 'बंद मशीन'. माझा आवाज लहानपणापासून बारीक आणि टोकदार. मला ते 'पिपाणी' म्हणायचे. मला राग यायचा. ते म्हणायचे, "आगं, पिपाणी लांबवर जाती. पिंप जाग्यावरच घुमतंय."

त्यांच्या दोन सवयी सगळ्यांच्या ओळखीच्या होत्या. एक म्हणजे कार्यक्रम सुरू झाला की मशीनपाशी बसून न राहता ते उठत आणि सभेच्या अगदी मागे, जिथं बायका लेकरं घेऊन बसलेल्या असत किंवा जिथं बैलगाड्या सोडलेल्या असत, तिथं जाऊन कानामागे हात धरून उभे राहत. ते म्हणायचे, "बोलनाऱ्याला म्होरची मान्सं दिसत्यात. मागची मी बघतो." दुसरी सवय माईकच्या स्टँडची. स्टँड नेहमी मुख्य पाहुण्यांच्या उंचीला लावलेला असायचा. मग आभार मानायला एखादी बाई किंवा शाळेतली मुलगी आली की ती टाचा उंच करून, मान वर काढून बोलायची आणि लोक हसायचे. नाना असतील तिथून चालत यायचे, सगळी सभा थांबली तरी चालेल, व्यासपीठावर चढायचे, स्टँडचा खटका ढिला करून माईक तिच्या तोंडासमोर आणायचे आणि परत जायचे. एकदा फोटोवाला ओरडला की नाना, फोटोत येताय. नाना म्हणाले, "येऊ दे. तिचा आवाज फोटोत येतोय का?"

मी दहावी झाले त्या वर्षीची गोष्ट. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मला विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला, राहात्याला. आमच्या वस्तीपासून मुख्य रस्त्याच्या फाट्यापर्यंत चालत जायचं आणि तिथून सकाळची एसटी पकडायची. आम्ही चार-पाच मुली होतो, त्यांतली शीतल माझ्या बाकावरची. गाडी वरच्या गावांतून भरून यायची. फाट्यावर आम्हाला उभ्या बघून कंडक्टर दारातून हात हलवून सांगायचा, "मागून दुसरी येतीय." मागून दुसरी कधीच येत नव्हती.

आप्पा जमेल तेव्हा मोटरसायकलवरून सोडायचे. पण रानात माणूस एकच, आणि उसाला पाणी धरायची वेळ तीच. शेवटी ते एकदा जेवताना म्हणाले, की पंधरा ऑगस्टपर्यंत बघू, गाडीचं जमलं तर जमलं, नाहीतर घरी राहून बाहेरून परीक्षा दे. आप्पा वाईट नव्हते. उसाच्या कडेनं मुलीनं उशिरा परत यावं हे त्यांना सोसत नव्हतं. विज्ञान बाहेरून करता येत नाही हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांना सांगायला माझी जीभ उचलत नव्हती.

त्याच दिवसांत गावात दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव झाला. नगरहून एक नावाजलेले व्याख्याते आले होते. त्यांच्याबद्दल मला आजही वाईट लिहवत नाही. ते मनापासून बोलत होते. व्यासपीठावर येताच त्यांनी नानांना खूण केली आणि म्हणाले, थोडा एको वाढवा. नानांनी मशीनवरचं एक बटण फिरवलं. त्यांचा आवाज एकदम देवळाच्या गाभाऱ्यातून आल्यासारखा यायला लागला. शाळेच्या भिंतीवर आपटून प्रत्येक वाक्य दोनदा अंगावर यायचं. त्यांनी आम्हा मुलींना डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, दहा वर्षांनी तुम्ही कुठं उभ्या आहात ते बघा. मी डोळे मिटले. एका पांढऱ्या इमारतीच्या पायऱ्या दिसल्या आणि त्यांवर खांद्याला पर्स लावलेली मी. मला रडू आलं. शीतलही रडत होती. आप्पांनीसुद्धा टोपीनं डोळे टिपले. सगळी सभा एका माणसाच्या मुठीत होती. मी शिकणारच, असं त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, आणि ते ठरवायला मला त्या व्याख्यात्यांनी लावलं हे मी विसरलेले नाही.

सभा संपल्यावर वायरी गुंडाळणाऱ्या नानांना व्याख्याते म्हणाले, कसं झालं? नाना म्हणाले, "आवाज शेवटपर्यंत गेला साहेब. शब्द मातर मधीच राहिले." व्याख्याते मोकळेपणानं हसले आणि त्यांनी नानांच्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फाट्यावर गेलो. मनं भरलेली होती, डोळ्यांसमोर त्या पांढऱ्या पायऱ्या होत्या. एसटी त्याच वेगानं आली आणि त्याच वेगानं निघून गेली.

त्या सकाळी नाना त्यांचा टेम्पो घेऊन शिर्डीकडे चालले होते. त्यांनी आम्हाला भोंग्यांच्या मध्ये बसवलं आणि कॉलेजला सोडलं. पुढचे काही दिवस जमेल तसं तेच चाललं. आम्हाला वाटलं, सुटला प्रश्न. आणि मग एका सकाळी आम्हाला उतरवताना नाना म्हणाले, "उद्यापासून टेम्पो थांबनार न्हाई."

आमचं काय चुकलं, म्हणून मी विचारलं.

"तुमचं न्हाई, माझं चुकतंय. मी रोज सोडीन. मग शिर्डीला लग्नाचं काम आलं की त्या दिशी न्हाई. मला ताप आला की न्हाई. आन मी मेलो तर? तुमची बारावी काय मी संगं वर न्हेऊ?"

शीतल फिसकन हसली. मला मात्र त्यांचा संताप आला होता. एवढा मोठा टेम्पो रिकामा जाणार आणि आम्ही धूळ खात उभ्या राहणार.

"गाडी थांबत न्हाई हे कुनाकुनाला सांगितलंय?" नानांनी विचारलं.

आम्ही सांगितलं. कॉलेजच्या सरांना सांगितलं होतं, घरी सांगितलं होतं, शीतलच्या आईनं तर नवस बोलला होता.

"देवाच्या हाताखाली डेपो न्हाई," नाना म्हणाले. "ज्याची गाडी हाय त्याला सांगा. त्याच्या आधी गावाला सांगा. पंधरा ऑगस्टला झेंडा झाला की ग्रामसभा हाय. माईक माझाच हाय."

ग्रामसभेत मुलींनी बोलायचं ही कल्पनाच आम्हाला कळेना. पण दुसरा काही रस्ता नव्हता, आणि आप्पांची मुदतही तीच होती. म्हणून त्या आठवड्यात संध्याकाळी दूध घालून झालं की आम्ही नानांच्या अंगणात जायला लागलो. नानांनी एक भोंगा पेरूच्या झाडाला बांधला, माईक माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः बागेतून पार विहिरीकडे निघून गेले. तिथून हात वर करून बोल म्हणाले.

मी बोलले. चांगलं पाठ करून आले होते. सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग, इथपासून सुरुवात. मग स्त्रीशिक्षणाची महती, उंबरठा, पंख, आकाश. एक कविता. शेवटी एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते. शांताकाकूंनी ओसरीवरून टाळ्या वाजवल्या. नाना बागेतून हळूहळू चालत आले.

"आवाज हिरीपर्यंत आला," ते म्हणाले. "पन पिपाणी, गाडीचं काय म्हनलीस?"

मी शीतलकडे बघितलं, शीतलनं माझ्याकडे. एवढ्या मोठ्या भाषणात एसटीचं नावच नव्हतं. ते आम्हाला सुचलंच नव्हतं. शाळेत आम्ही इतकी भाषणं केली होती, सगळ्यांना बक्षिसं मिळाली होती, आणि माईकवर असंच बोलतात हे आमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आपल्या घरचं, आपल्या रोजचं माईकवर बोलायचं नसतं. ते घरी बोलायचं, रडत बोलायचं.

मी नानांना म्हटलं, थोडा एको तरी लावा, म्हणजे चांगलं वाटेल. नाना ओट्यावर बसले. ते फार बोलत नसत, पण त्या दिवशी बोलले.

"एको लावला की बोलनारा मोठा वाटतो. ऐकनाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पन एक शब्द पुरा व्हायच्या आत त्योच माघारी येतो, मग मागं बसलेल्याला नाव कळत न्हाई का गाव कळत न्हाई. कीर्तनाला चालतं. तुला मोठं दिसायचंय का गाडी थांबवायचीय?"

गाडी थांबवायचीय, मी म्हटलं.

"मग आसं समज, त्यो कंडक्टर हितं हुबा हाय. काय म्हनशील त्याला?"

 शीतलनं माईक ओढून घेतला आणि तिला जे रोज सकाळी म्हणावंसं वाटायचं ते सगळं एका दमात म्हटलं. ते विहिरीपर्यंत गेलं. काकू पदरात तोंड घालून हसायला लागल्या.

"हेच बोलायचं," नाना म्हणाले. "फकस्त शिवी काढून."

आम्ही त्यांना म्हटलं, तुम्हीच चार वाक्यं सांगा, आम्ही पाठ करतो. त्यांनी सांगितली नाहीत. दुसऱ्याची चप्पल घालून फाट्यापर्यंत चालून बघा, म्हणाले. वाक्यं आम्हीच जुळवली, आम्हीच मोडली. त्यांनी आम्हाला शिकवलं ते वेगळंच. माईक तोंडापासून किती लांब धरायचा. शिट्टी मारायला लागला तर घाबरून मागे पळायचं नाही, नुसतं बाजूला सरकायचं. लोक हसले तर हसू संपेपर्यंत थांबायचं, त्यांच्या हसण्यावर बोलायचं नाही. मशीन कुठून चालू करायचं आणि आपण बोलत असताना कुणी बंद केलं तर कोणतं बटण बघायचं. हे सगळं ते गाईला चारा टाकता टाकता सांगायचे, जणू काही विशेष नाही.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. आमच्या सरपंच एक बाई होत्या, पण गावात सरपंच म्हटलं की त्यांच्या यजमानांकडे बोट जायचं. बाई खुर्चीवर पदर सावरून बसल्या होत्या आणि यजमान माईकवर बोलत होते. पाण्याची टाकी झाली, गटार झालं. ग्रामसेवक भाऊसाहेब सगळं लिहून घेत होते. मागे लिंबाखाली बायका होत्या, त्यांच्यात आम्ही. पुढच्या रांगांत पुरुष, त्यांच्यात आप्पा. यजमानांनी पटकन सांगून टाकलं की विषय संपले, सगळ्यांनी जिलेबी घेऊन जावी. बायका उठायला लागल्या.  खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात नाना व्यासपीठावर गेले, त्यांनी स्टँडसकट माईक उचलला आणि वायर सोडत सोडत पुरुषांच्या रांगांमधून आमच्याकडे चालत यायला लागले.

"ओ नाना, माईक कुठं चालवला?" यजमानांनी तिथून विचारलं.

"मशीन बिघडलंय सरपंच," नाना चालता चालता म्हणाले. "आता हिकडनंच चालतंय."

सगळं पटांगण हसलं. यजमानही हसले, आणि हसले म्हणून अडकले. नानांनी स्टँड माझ्यासमोर ठेवला, खटका ढिला केला, माईक खाली घेतला. मला वाटलं, ते डोळ्यांनी काही धीर देतील. ते वळले आणि फाटकापाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी नाव सांगितलं, वस्ती सांगितली. मग म्हटलं, "सकाळची गाडी फाट्यावर थांबत नाही. कंडक्टर म्हणतात मागून दुसरी येतीय. मागून दुसरी येत नाही. आमचं कॉलेज बुडतंय. सायन्स बाहेरून करता येत नाही. गाडी थांबली नाही तर आम्हाला घरी बसावं लागणार आहे. ग्रामसभेनं ठराव करावा, आणि तो घेऊन डेपोत आम्ही जाऊ."

बस, एवढंच. टाळ्या झाल्या नाहीत. कुणाच्या अंगावर काटा आला नसावा. आप्पांनी वळून माझ्याकडे बघितलं, कारण सायन्सचं ते त्यांनी तिथं पहिल्यांदा ऐकलं होतं. मागून एक म्हातारी म्हणाली, "व्हय, खरंय. माझी नात बी तितंच उभी आसती." यजमान म्हणाले, की बघू, पुढच्या सभेत घेऊ. आणि तेव्हा व्यासपीठावरून एक आवाज आला. माईक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू आला.

"भाऊसाहेब, लिहून घ्या," सरपंच बाई म्हणाल्या. "आत्ताच घ्या."

यजमानांनी त्यांच्याकडे असं बघितलं जणू खुर्चीच बोलली. भाऊसाहेबांनी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी नानांनी बाईंना नाव ठेवलं, 'घंटा'.  घरी जाताना वस्तीच्या वळणावर आप्पा एवढंच म्हणाले, की दिवाळीपर्यंत बघू मग.

ठरावाची प्रत घेऊन डेपोत जायचं ठरलं तेव्हा नानांनी टेम्पो काढला, पण डेपोच्या दारात गाडी लावून ते टेम्पोतच बसून राहिले. आम्ही पुन्हा पुन्हा म्हटलं, तुम्ही पण चला. ते म्हणाले, "मी आत आलो तर सायेब माझ्याशी बोलंल. तुमी नुसत्या हुभ्या राहाल." शीतल म्हणाली, आम्हाला भीती वाटते. नाना म्हणाले, "वाटू द्या. भीतीनं आवाज कापतो, थांबत न्हाई." मग त्यांनी तोंडावर टॉवेल घेतला आणि झोपल्याचं सोंग केलं.

साहेबांनी आम्हाला बाहेर बसवून ठेवलं, मग बोलावलं, आधी हसले, मग ऐकलं. काही दिवसांनी गाडी फाट्यावर थांबायला लागली. मी त्या कंडक्टरचा चेहरा विसरणार नाही. तो दारातून म्हणाला, "चढा, भाषणवाल्या."

गोष्ट इथं संपत असती तर मी नानांवर हे लिहिलं नसतं. दिवाळीनंतर ड्रायव्हर बदलला आणि गाडी पुन्हा थांबेना. आम्ही नानांना काही कळवलं नाही. ते मुद्दाम केलं नव्हतं, सुचलंच नाही. अलीकडच्या गावापर्यंत चालत गेलो, तिथून गाडी पकडली, डेपोत उतरलो, साहेबांपुढे उभ्या राहिलो आणि बोललो. साहेब या वेळी हसले नाहीत. परत आल्यावर मी उड्या मारत नानांना सांगायला गेले. ते लिंबावर चढून भोंगा बांधत होते. मला वाटलं होतं, शाबासकी मिळेल. सगळं ऐकून घेऊन ते वरूनच म्हणाले, "बरं झालं. ती पक्कड दे." मी हिरमुसून घरी आले.

संध्याकाळी त्या कार्यक्रमाचा माईक तपासताना त्यांचा आवाज आमच्या वस्तीवर ऐकू आला. "आज पेरूला भाव बरा हाय. कांदा जाग्यावर. आन सकाळची गाडी फाट्यावर थांबतीय." आप्पा गोठ्यात होते. ते ऐकून गालात हसले. मी पहिल्यांदा त्यांना तसं हसताना पाहिलं.

त्या व्याख्यात्यांची भाषणं आता मोबाईलवर असतात. मन खचलं की मी ऐकते. अजूनही अंगावर काटा येतो, बरं वाटतं. पुन्हा खचलं की पुन्हा ऐकते. इतक्या वर्षांत किती वेळा तरी त्यांच्याकडे गेले असेन. नानांकडे मात्र असं जावं लागलं नाही. शिष्यवृत्ती अडली तेव्हा मी खिडकीपाशी जाऊन स्वतः बोलले. नोकरीच्या मुलाखतीत बोलले. मला अजून शिकायचंय, लग्न दोन वर्षं थांबवा, हे आप्पांना मी समोर बसून सांगितलं, न रडता. यातल्या कुठल्याच वेळी, नाना सोबत असते तर, असं मनात आलं नाही. ज्यानं हुरूप दिला त्याच्याकडे माणूस परत परत जातो. ज्यानं बळ दिलं त्याच्याकडे परत जायचं कारणच उरत नाही. मला हा फरक त्या प्रशिक्षणात नाही, फार आधी कळला होता, आणि कळला तेव्हा आनंद नाही झाला. 

मग गावोगावी डीजे आले. भिंतीएवढे खोके, छातीत धडकी भरवणारे. नानांनी भोंगे विकून टाकले. आयुष्यभर भोंग्यांखाली काढल्यामुळे म्हणा की वयामुळे म्हणा, त्यांना ऐकू येईनासं झालं. सणावाराला गावी गेले की मी त्यांच्या ओट्यावर टेकायचे. ते माझ्याकडे बघून हसायचे आणि कानाला हात लावून हलवायचे. बोलायच्या काकूच. मी सांगितलेलं काकू त्यांच्या कानाशी ओरडून सांगायच्या, अर्धं सांगायच्या, आणि तेवढ्यात चहा यायचा. मला त्यांना नीट एकदा सांगायचं होतं. काय सांगायचं होतं ते मलाही धड माहीत नव्हतं. ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं एवढंच.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गावात नाही, सावेडीत. शिकवून शिकवून माझा घसा बसला होता, म्हणून मी कान-नाक-घशाच्या दवाखान्यात गेले होते. आत शिरले तर काउंटरपाशी नाना उभे. हातात कापडी पिशवी, अंगावर धुतलेले कपडे. एकटेच आले होते. काउंटरवरची मुलगी त्यांना काहीतरी समजावत होती आणि त्यांना ते कळत नव्हतं. रांगेतले लोक कुरकुरायला लागले होते. मी घाईघाईनं पुढे गेले आणि तिला म्हटलं, मी यांच्या ओळखीची आहे, मला सांगा. मुलीचा जीव भांड्यात पडला. तिनं नानांकडची नजर काढून माझ्याकडे वळवली आणि भराभर सांगायला लागली, कुठली तपासणी आधी, कुठली नंतर. मी मान हलवत होते.

नाना एकदा तिच्याकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी मला ओळखलं. चेहरा उजळला. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि मला अलगद बाजूला केलं.

"बाई, तुमी बसा," ते म्हणाले. "मी इचारतो."

नानांनी मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. मी मागे सरले. मग ते त्या मुलीला, बहिऱ्या माणसाचा असतो तशा सपाट, मोठ्या आवाजात म्हणाले, "ताई, माज्याकडं बगून बोला. हळू बोला. मला तुमचं व्हट दिसू द्या."

ती लाजली, पण बोलली. त्यांना कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मग पुन्हा. मागच्या लोकांकडे बघितलंही नाही. शेवटी कळलं, तसं त्यांनी मान डोलावली, कागद घेतला आणि तिनं दाखवलेल्या दारातून आत गेले.

मी बाकावर बसले. परत येताना भेटतील, मग त्यांना घरी नेईन, जेवायला घालीन, त्यांच्यासमोर बसून हळूहळू बोलेन असं मनात जुळवत राहिले. माझं नाव पुकारलं, मी पुढच्या बाईंना जाऊ दिलं. पुन्हा पुकारलं, पुन्हा जाऊ दिलं. बऱ्याच वेळानं उठून त्या मुलीला विचारलं, मघाचे बाबा कुठं आहेत? ती म्हणाली, ते मागच्या दारानं गेले, आत्ताच, गाडी गाठायची होती म्हणाले.

मी मागच्या दाराकडे धावले. बाहेर दुपारचं ऊन होतं, रस्ता रिक्षांनी आणि स्कूटरनी भरला होता. पलीकडच्या बाजूनं, पिशवी खांद्याला लावून, नाना बसस्टँडच्या दिशेनं चालले होते. मी हाक मारली. घसा बसलेला असूनही मारली, होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून मारली. चहाच्या गाड्यावरची माणसं वळून बघायला लागली, रिक्षावाले बघायला लागले, रस्त्यातली एक शाळकरी मुलगी थांबून बघायला लागली.

नाना चालत राहिले.